खिडकीपाशी उभी असलेली सिस्टर

हिंजवडीच्या ऑफिसात मी वेबसाइटची पानं बनवायचो. चिंचवडकडच्या एका छोट्या हॉस्पिटलची जुनी साइट नवी करायचं काम माझ्याकडे आलं. फोटो आणि मजकूर जुन्या साइटवरून जसाच्या तसा उचलायचा होता, पण साइट सगळ्यांना वापरता आली पाहिजे, अशी अट होती. तपासायला एक अंध बाई यायच्या. देहूरोडला राहायच्या, वयानं माझ्यापेक्षा मोठ्या. मी त्यांना ताई म्हणायचो.

पहिल्याच दुपारी ताई म्हणाल्या, "सर, तुमचा स्क्रीन बंद करा. माझ्यासारखं ऐका."

मी बंद केला. त्यांच्या लॅपटॉपमधला स्क्रीन रीडर पान वाचू लागला, इतका भरभर की मला एक शब्द कळेना. ताईंनी हसून वेग कमी केला. मग ऐकू आलं, "बटण. बटण. बटण." कुठलं बटण कशाचं, हे मी लिहिलंच नव्हतं. मी खजील होऊन टिपून घेतलं.

पुढे वॉर्डचं पान आलं. बाईच्या आवाजातलं ते यंत्र सपाटपणे म्हणालं, "तिसऱ्या मजल्यावरचा वॉर्ड. खिडकीपाशी एक सिस्टर उभी आहे. तिने तुमच्याकडे पाहून हात वर केला आहे."

फोटोमागे असं वर्णन लिहून ठेवतात, ते डोळसांना दिसत नाही. पण हा फोटो मीच पानावर टाकला होता आणि मला त्यात सिस्टर आठवेना. मी स्क्रीन चालू केला. सहा खाटा, पांढऱ्या चादरी, खिडकी. माणूस नव्हतं.

"पुढचं लावा," मी म्हणालो.

"जिना. तीच सिस्टर खाली उतरते आहे."

जिना रिकामा होता.

"कॅन्टीन. तीच सिस्टर, पाठमोरी."

टेबलं, खुर्च्या, पाण्याचं पिंप. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. मी वॉर्डचा फोटो मोठा करून पाहिला. खिडकीशेजारची भिंत एका जागी पुसल्यासारखी होती. आणि खाली फरशीवर एक लांबट सावली पडली होती, हात वर केलेली.

मी ताईंना सांगितलं.

"माझ्या आईला त्याच हॉस्पिटलात दाखवते मी," त्या म्हणाल्या. "जुन्या साइटवर ही सिस्टर मला नेहमी भेटायची. एकदा वॉर्डात गेल्यावर मी विचारलं, त्या खिडकीतल्या सिस्टर कुठायत? तिथल्या नर्सेस एकदम गप्प झाल्या. मला वाटलं, माझं काही चुकलं."

मी हॉस्पिटलच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या बाई आधी घुटमळल्या, मग बोलल्या. ती सिस्टर आजारपणात गेली होती. तिची आई दिवसभर साइट उघडून तिला बघत बसायची. जेवण सोडलं होतं. शेवटी भावानं विनंती केली, तिला फोटोंतून काढा. एका फोटोवाल्यानं काढलं.

"आणि वर्णन? ते कुणी लिहिलं होतं?"

"तिनंच. वॉर्डात एक आंधळे आजोबा होते, त्यांच्यासाठी. ते अजून तिथं आहे, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं हो."

फोन ठेवून मी ताईंना सगळं सांगितलं. वर्णन तसंच ठेवूया का, असं माझ्या तोंडून निघून गेलं. मला ती ओळ पुसायचं धाडस होत नव्हतं.

"न्हाई सर," ताई म्हणाल्या. एरवी त्या असं बोलत नसत. "जे नाही, ते मला आहे म्हणून सांगू नका. पण सावली आहे ना? मग ती लिहा."

पुसण्याआधी त्यांनी ती तिन्ही वर्णनं पुन्हा ऐकली, सावकाश. तिसरं संपल्यावर त्यांनी मान डोलावली. मी ती पुसली आणि वॉर्डच्या फोटोमागे लिहिलं, "सहा खाटांचा वॉर्ड. खिडकीजवळ फरशीवर हात वर केलेल्या माणसाची सावली."

हॉस्पिटलच्या बाईंना ते वाचून दाखवलं. त्यांनी स्वतः फोटो उघडून पाहिला असावा, कारण मधे त्यांचा नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाल्या, "राहू द्या."

मी फोन ठेवला, तोवर ताई अपॉइंटमेंटच्या पानावर गेल्या होत्या. तारखेच्या चौकटीतून कीबोर्डनं पुढे जाता येत नव्हतं. त्यांची कॅब यायच्या आत आम्ही ते दुरुस्त केलं, आणि त्यांनी कुणाच्या मदतीशिवाय स्वतःच्या आईचं नाव नोंदवून पाहिलं.