फक्कीच्या घरात बघण्याचा कार्यक्रम

सोलापुरात आणि आसपास गरिबांसाठी घरं बांधायला निघालेल्या ज्या लहान-लहान संस्था आहेत, त्यांना तांत्रिक साहाय्य देणं हे माझं काम. कुणी विचारलं की मी एवढंच सांगते आणि समोरचा माणूस विषय बदलतो. माझ्या सासूबाई पाहुण्यांना सांगतात, "इंजिनिअर आहे, पण बांधत काही नाही." ते बरंचसं खरं आहे. संस्थेकडे जागा असते, माणसं असतात, तळमळ तर फारच असते. नसतो तो इंजिनिअर. मग आमच्या साहाय्य केंद्रातून मी जाते. माती तपासून आणते, नकाशे करून मंजूर करून घेते, गवंड्यानं सळई कमी टाकली की भांडते.

त्यातली एक संस्था विड्या वळणाऱ्या बायकांनी काढलेली होती. तिच्या अध्यक्षबाईंना सगळे अक्का म्हणत. मीही म्हणायची. अक्का घरी तेलुगू बोलत, बाहेर मराठी, आणि रागावल्या की दोन्ही एकदम. शहराबाहेर अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला संस्थेला एक मुरमाड माळ मिळाला होता. तिथं बैठी घरं बांधायची ठरली. सगळी एकसारखी, म्हणून नकाशा एकच.

तो बायकांना समजावून द्यायला पुण्याहून एक सल्लागार आले. मी त्यांना सर म्हणत असे. सरांनी भिंतीवर घराचं रंगीत चित्र दाखवलं. हिरवळ, दारात लाल मोटार, आणि एक सोनेरी केसांची बाई कुत्रं घेऊन चाललेली.

"ही बाई कोण?" अक्कांनी विचारलं.

"ती नुसती दाखवायला आहे."

"म्हणजे हितं राहणार न्हाय?"

"नाही."

"मग तिच्या वाटणीचं घर कुणाला?"

सभा त्या बाईच्या घरावरच संपली. मोटारीपर्यंत कुणी पोचलंच नाही.

परतताना सर माझ्या स्कूटीवर मागं बसून म्हणाले, "कागद नको, चित्र नको. आपण त्यांना घरच दाखवू. खऱ्या मापाचं. जमिनीवर."

पाया खणायच्या आधी जमिनीवर पांढऱ्या भुकटीनं रेघा मारतात, तिला फक्की म्हणतात. आम्ही माळ साफ करून घेतला, दोऱ्या ताणल्या आणि एक पूर्ण घर फक्कीनं आखलं. हॉल, स्वयंपाकघर, एक खोली, संडास-बाथरूम. जिथं भिंत तिथं जाड रेघ, जिथं दार तिथं रेघ सोडलेली.

बायका आल्या. पहिली बाई दारापाशी थांबली आणि तिनं चपला काढल्या. मग सगळ्यांनीच काढल्या. मुरूम तापलेला होता, तरी अनवाणी आत गेल्या, पाय उचलत-टेकत खोल्या पाहू लागल्या. एक जण गप्पांच्या नादात स्वयंपाकघरातून सरळ खोलीत गेली, तर दुसरी ओरडली, "अगं, भिंत!" ती दचकली, मागं आली आणि दारानं गेली. सरांचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "लोकसहभाग! हाच लोकसहभाग!" मी हसले, आणि पाण्याची बाटली घ्यायला निघाले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मीसुद्धा हॉलला वळसा घालून दारानंच बाहेर पडले होते.

पुढच्या आठवड्यात अक्कांचा फोन आला. "मॅडम, रविवारी फक्की नवीन मारून ठेवा की. पांढरीशुभ्र पाहिजे. पाव्हणं येऊ लागलेत."

"कसले पाहुणे?"

"पोरीला बघायला. अक्कलकोटचे हायत. घर बघायचं म्हणतात."

अक्का राहायच्या ती भाड्याची एकच खोली, शेजारी यंत्रमागाचा कारखाना. तिथं पाहुण्यांशी बोलायचं तर ओरडावं लागे. मी म्हटलं, "अक्का, पण तिथं घर नाहीये."

"न्हाय कसं? तुमीच काढलंय की."

रविवारी सर आणि मी सकाळीच माळावर गेलो. आम्ही फक्की मारली. अक्कांनी दाराच्या जागी दोन बांबू रोवून तोरण बांधलं, हॉलमध्ये सतरंज्या घातल्या, आणि स्वयंपाकघरात गॅसची शेगडी मांडली, अगदी नकाशात ओट्याची जागा होती तिथंच. त्यांची मुलगी गणवेश शिवायच्या कारखान्यात कामाला होती. ती कोपऱ्यात साडीच्या निऱ्या सारख्या करत उभी होती. तिनं मला हळूच विचारलं, "मॅडम, तुम्हाला हे वेड्यासारखं वाटत नाही का?"

"वाटतंय."

"मला आधी वाटलं होतं. आता सवय झाली."

पाहुणे रिक्षानं आले. मुलाचे वडील एसटीत कंडक्टर होते, चांगले उंचेपुरे. ते दारापाशी थांबले. त्यांनी एकदा अक्कांकडं पाहिलं, एकदा माळाकडं, एकदा माझ्याकडं. मी मान हलवली. का हलवली, मला माहीत नाही. मग त्यांनी चपला काढल्या आणि चौकट लागू नये म्हणून डोकं खाली घालून आत आले. तोरण त्यांच्या डोक्याच्या बरंच वर होतं.

मुलाची आई मात्र सरळ चालत सतरंजीकडं निघाली.

"इनबाई, तितं भिंत हाय," अक्का म्हणाल्या.

त्या खाली बघून "अय्यो" म्हणाल्या, मागं फिरल्या आणि दारानं आल्या. त्यांच्यामागं मुलगा आला. तो पुण्याला कंपनीत होता आणि एवढा घाबरलेला होता, की घराला भिंती नाहीत हे त्याला बहुतेक दिसलंच नसावं.

मुलीनं खायला सुशीला आणली. चुरमुऱ्याची, शेंगदाण्याचं कूट घालून केलेली. ती स्वयंपाकघराच्या दारातून आली, पदर सावरून, जणू आत्तापर्यंत आम्हाला दिसतच नव्हती. आणि खरं सांगते, ती आल्यावरच आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. ती पुन्हा वाढायला आली की कंडक्टरसाहेब "साकू, साकू" म्हणत, म्हणजे कानडीत पुरे, आणि बशी पुढं करत.

मग दोघांना एकमेकांशी बोलू द्यायचं ठरलं. अक्कांनी त्यांना खोलीत पाठवलं. खोली म्हणजे आमच्यापासून हातभर अंतरावरची पांढरी चौकट. पण ते आत गेल्याबरोबर आम्ही सगळे एकदम दुसरीकडं बघायला लागलो आणि मोठमोठ्यानं बोलायला लागलो. कंडक्टरसाहेबांनी मंगळवेढ्याच्या ज्वारीचा विषय काढला. सरांना ज्वारीतलं काही कळत नव्हतं, तरी ते तावातावानं बोलत होते. खोलीतला एक शब्द आम्ही ऐकला नाही.

मी एकदाच चोरून पाहिलं. घमेल्यात उरलेली फक्की मुलीनं मुठीत घेतली होती. ती वाकली आणि दारासाठी सोडलेल्या जागेवर तिनं एक रेघ ओढली. दार लावून घेतलं.

अक्कांनीही ते पाहिलं. "ए! दार उघड आधी!" त्या ओरडल्या.

मुलीनं पायानं रेघ पुसली, अर्धीच.

तोवर मुलाच्या आईनं घराची पाहणी सुरू केली होती. त्या हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "संडासाचं दार हितनं दिसतंय."

"व्हय," अक्का म्हणाल्या.

"पाव्हण्यांसमोरनं जायचं व्हय पोरीबाळींनी?"

सरांनी पाइपलाइन, उजेड, वारा असं काही सांगायला सुरुवात केली. कंडक्टरसाहेब उठले आणि त्या बाथरूममध्ये जाऊन उभे राहिले. आम्ही सगळे त्यांच्याकडं बघत होतो. ते आमच्याकडं बघत होते. "दिसतंय," ते तिथून म्हणाले. मग मला खुणेनं जवळ बोलावून हळू आवाजात विचारलं, "मॅडम, खरं जायचं कुटं?" मी पलीकडच्या बाभळी दाखवल्या. त्या बाथरूमच्या मागंच होत्या, पण ते तिकडून गेले नाहीत. हॉलमधून, सगळ्यांच्या पुढून, मुख्य दारानं बाहेर पडले आणि घराला पूर्ण वळसा घालून बाभळीकडं गेले.

ते परत येत असतानाच मेंढरं आली.

एक म्हातारा मेंढपाळ आपला कळप घेऊन माळावरून चालला होता. माळ मोकळा, त्याची रोजची वाट तीच. मेंढरं स्वयंपाकघरात घुसली. अक्का हात पसरून ओरडल्या, "भिंत! अवो, भिंत हाय तितं!"

"कुटली भिंत?" म्हातारा म्हणाला.

कळप स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आला, सतरंजीवरून, सरांच्या दोन्ही बाजूंनी, आणि खोलीतून बाहेर पडला. मुलगा आणि मुलगी मेंढरांच्या मधोमध उभे होते आणि पहिल्यांदाच हसत होते. धूळ खाली बसली तेव्हा सतरंज्या होत्या, तोरण होतं, शेगडीही वाचली होती. पण रेघ एकही उरली नव्हती. मेंढरांचे पाय मात्र पांढरे झाले होते.

कंडक्टरसाहेब तोरणाबाहेर थांबले. आत यावं की नाही त्यांना कळेना. "पडलं की हो घर," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. अक्का मुरमावर बसल्या आणि रडायला लागल्या. फक्कीच ती, हे त्यांना काय माहीत नव्हतं? सकाळी घमेलं त्यांनीच धरलं होतं. पण त्या अशा रडत होत्या, की मला दोरी आणायचंही सुचेना. मुलाची आई त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडताय कशाला, इनबाई? परत बांधू की." मग माझ्याकडं वळून, "काय वो मॅडम, टेप कुटं हाय?"

आम्ही घर पुन्हा आखलं. टेपचं एक टोक मुलाच्या आईनं धरलं, एक कंडक्टरसाहेबांनी. मेंढपाळाला दोरी धरायला लावली. त्यानं आधी वहाणा काढून ठेवल्या. संडासाचं दार कुठं जावं हे मुलाच्या आईनं सांगितलं, मोरी कुठं यावी हे अक्कांनी. सर "पण पाइप!" म्हणत मागं मागं फिरत होते, त्यांच्या हातात कुणीतरी घमेलं दिलं, आणि मग तेही फक्की टाकू लागले. नवं घर मंजूर नकाशापेक्षा वेगळं झालं. पाइप मात्र एकाच बाजूला आले, ते कसे आले हे मला किंवा सरांना आजही सांगता येणार नाही. मेंढपाळानं नव्या स्वयंपाकघरात बसून चहा घेतला आणि जाताना कळप लांबून, घराच्या मागच्या अंगानं नेला.

लग्न तिथंच ठरलं. खोलीत काय बोललात, असं मी मुलीला नंतर विचारलं. ती म्हणाली, "मी म्हटलं, लग्नानंतर शिलाई सोडणार नाही. तर तो म्हणाला, मशीन खिडकीपाशी ठेवायचं का? मी म्हटलं, खिडकी कुठाय? तर त्यानं दाखवली."

बदललेला नकाशा घेऊन मी, नकाशे मंजूर करतात त्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी बदलाचं कारण विचारलं. मी खरं तेच सांगितलं, पाहुणे, संडासाचं दार, मेंढरं. त्यांनी नकाशातल्या संडासाच्या दारावर बोट ठेवलं. "आमच्याही घरी संडासाचं दार हॉलमध्येच उघडतं," ते म्हणाले. "पाहुणे आले की मी फिरायला जातो." आणि सही केली. सरांनी पुण्याला जो अहवाल दिला, त्यात त्या रविवारी हजर असलेल्यांमध्ये मेंढरंही मोजली होती.

पाया झाला, विटा आल्या. अक्कांच्या घराच्या भिंती कमरेएवढ्या उठल्या तेव्हा मी त्यांना बघायला बोलावलं. त्या हॉलमध्ये उभ्या राहिल्या, चारी बाजूंना वळून पाहिलं.

"लई बारकं वाटतंय, मॅडम," त्या म्हणाल्या. "तवा केवढं मोठं होतं."

मी त्यांना सांगितलं की भिंती अर्ध्या असताना असंच वाटतं, छत आलं, गिलावा झाला, सामान लागलं की खोली पुन्हा मोठी दिसते. हे खरं आहे, पुस्तकात लिहिलेलं आहे. त्यांना ते पटलं नाही. भिंतीच्या पलीकडं अजून माळ दिसत होता, तो त्यांनी भिंतीवरून वाकून पाहिला. गवंडी थापी हातात धरून थांबला होता.

"थांबला का?" अक्का त्याला म्हणाल्या. "घे वर."

त्यानं पुढची वीट ठेवली.