नारळ खाली ठेव

"नारळ खाली ठेव," काका म्हणाले.

मी ठेवला. सिंगापुरात बुकित पंजांगच्या मैदानाकडेला पावसाच्या पाण्याचा नाला आहे, त्याच्या कठड्यावर. माझ्या दंडावर कॅप्टनची पट्टी होती. मागे आमची सगळी टीम उभी होती.

काकांनी पाण्याची बाटली उघडली आणि नारळावर ओतली. नारळ धुतला. माझ्या हातातला, माझ्या देखत. मग रुमालाने पुसून टीममधल्या निखिलच्या हातात दिला.

"कॅप्टन तूच आहेस रे. फक्त नारळ निखिल फोडेल. देवाचं काम आहे, समजून घे."

आवाज गोड. हा गोड आवाज मी लहानपणापासून ओळखतो. त्यापेक्षा शिवी परवडली. शिवीला शिवी तरी देता येते.

आमची टीम म्हणजे इथल्या मराठी मंडळाची. बहुतेक पुण्या-मुंबईचे इंजिनियर, एक-दोघे युनिव्हर्सिटीत संशोधन करणारे, कोल्हापूरचा मी एकटा. रविवारी फुटबॉलची हौशी लीग खेळतो. काका मंडळाचे अध्यक्ष, सगळ्यांचेच काका. मी ज्या कंपनीत आहे तिथे डायरेक्टरही तेच. इथे राहून काम करायचा माझा पास कंपनीच्या हातात, म्हणजे काकांच्या. हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं.

मंडळाची रीत अशी की लीगच्या पहिल्या मॅचआधी कॅप्टनने नारळ फोडायचा. नारळ लिटिल इंडियातून येतो. इथे कचरा केला तर दंड, म्हणून करवंट्या भरायला पिशवी हाताशी ठेवतात. खोबऱ्याचा तुकडा सगळ्यांना देतात आणि मग खेळ सुरू होतो. आजवर प्रत्येक कॅप्टनने फोडला. माझ्या वेळेलाच रीत बदलली.

का, तेही सांगतो. काही दिवसांपूर्वी सराव संपला आणि आईचा फोन आला. ठेवताना मी नेहमीसारखं 'जय भीम' म्हणालो. शेजारी निखिल बुटाच्या नाड्या सोडत बसला होता. त्याचे हात थांबले. तोवर सगळ्यांनी मला खोदून खोदून विचारून झालं होतं. कोल्हापुरात कुठे? पेठेत की बाहेर? घरी गणपती किती दिवसांचा? माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून कुणाच्या हाती काही लागत नव्हतं. मी हसून विषय फुटबॉलवर न्यायचो. आता त्यांना विचारायची गरज उरली नाही.

खरं तर आमच्या घरात नारळ फुटतच नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव पंचगंगेत सोडले, ते कायमचे. तरी त्या सकाळी मी नारळ फोडणार होतो. चारचौघांत मिसळून जावं म्हणून. आजोबांनी जे सोडलं ते मी उचलायला निघालो होतो, आणि ह्यांनी ते उचलण्याच्याही लायकीचा धरला नाही मला. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

पट्टी मला काकांनी दिलेली नव्हती. कोचने दिली होती. कोच पोलंडचा. कोळशाच्या खाणीच्या गावात वाढलेला, बाप खाणीत कामाला. हा बचावफळीत खेळायचा. आधी तिकडे, मग जर्मनीत एका लहान क्लबात, मग इथल्या लीगमध्ये. इथे गुडघा गेला. खेळणं संपलं तसा इथल्याच एका क्लबचा मॅनेजर झाला. एकदा मालकाने आपल्या भाच्याला खेळवायला सांगितलं. हा म्हणाला, टीम मी ठरवतो. हंगामाच्या मध्येच त्याला नारळ दिला. पुढच्या क्लबातही तेच झालं. आता मंडळाने ठेवलाय, आमच्यासारख्या पोट सुटलेल्यांना पळवायला.

तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, कॉफी पिताना त्याने मला जर्मनीतलं सांगितलं होतं. ड्रेसिंग रूममध्ये कुणाचं घड्याळ सापडेना की सगळ्यात आधी ह्याची बॅग उघडायची. पोलिश म्हणजे चोर, असा तिथला विनोद. सगळे हसायचे. हाही हसायचा. एक दिवस त्याने आपली बॅग स्वतःच खोलीच्या मधोमध उपडी केली, कपडे तिथेच टाकले आणि बाहेर पडला. पुन्हा त्या क्लबात गेला नाही.

मीही त्याला माझं सांगितलं. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींच्या फुटबॉल टीमा असतात. तिथे सरावाला मी चालायचो. मॅचच्या दिवशी माझ्या जागी दुसरा. 'तुमच्या गल्लीची टीम काढा की,' म्हणायचे. कोच ऐकत राहिला. म्हणाला, माझ्याकडे चांगला खेळतो तो खेळतो. पुढच्या आठवड्यात त्याने मला पट्टी बांधली. मला वाटलं, हा माणूस आपला.

तर त्या सकाळी कोचने सगळं बघितलं. त्याला मराठी कळत नाही, पण ओतलेलं पाणी कळतं. जवळ येऊन काय झालं विचारलं. मी सांगितलं. त्याने काकांकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"नारळच तर आहे," तो हळूच इंग्रजीत म्हणाला. "सोडून दे. मॅच खेळू."

माझं डोकं सणकलं. काकांकडून मला कसली अपेक्षा नव्हती. ह्याच्याकडून होती.

"बॅगच तर होती," मी म्हणालो.

त्याचा हात खांद्यावरून निघाला. मान खाली गेली. दोन क्लबांच्या मालकांना तोंडावर नाही म्हणणारा माणूस, माझ्यासाठी त्याला एक शब्द सापडला नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे खोटं आहे. ज्याचं जळालेलं असतं तोही विसरतो.

मग मी काकांकडे वळलो. आवाज थरथरत होता, थरथरू दिला.

"काका, माझे आजोबा महार होते. मी बौद्ध आहे. तुमचा नारळ तुम्हालाच लखलाभ. पण धुतलात कशाला, ते इथे सगळ्यांसमोर सांगा."

इतका वेळ हसतखिदळत असलेली शिकली-सवरलेली माणसं गवत न्याहाळायला लागली.

"अरे, धूळ लागली होती," काका म्हणाले.

सिंगापुरात. आदल्या संध्याकाळी पाऊस पडून गेलेला, मैदान ओलं, आणि धूळ. खोटं बोलायचं तर जरा डोकं तरी वापरावं. तेवढेही कष्ट माझ्यासाठी त्यांना घ्यावेसे वाटले नाहीत.

निखिलने नारळ फोडला. खोबरं वाटत काका माझ्यापर्यंत आले. तुकडा दोन बोटांत उंच धरलेला, वरून हातात टाकायला. मी हात मागे बांधले. तो तुकडा शेजारच्याला देऊन ते पुढे गेले. रेफ्रीने टॉससाठी बोलावलं, मी गेलो.

मॅचचं काय झालं ते सांगणार नाही. जिंकलो म्हटलं तर तुम्ही म्हणाल, बघा, खेळात जात नसते.

सोमवारी काकांनी केबिनमध्ये बोलावलं. मी उगाच भावनिक झालो म्हणे. मंडळात नसते विषय नकोत म्हणे. जाता जाता माझ्या पासची मुदत कधी संपते ते विचारलं. त्यांना तारीख पाठ असणार. मला ती आठवण करून द्यायची होती, दिली. मी म्हटलं, संपते तेव्हा संपते.

काल कोचचा फोन आला. मंडळ कॅप्टन बदला म्हणतंय. त्याचा आवाज पडलेला. मला विचारतो, मी काय करू? ह्याची कीव करावी असं क्षणभर वाटलं, पण नाही केली. माझ्या अपमानाचा निवाडा मीच करायचा आणि वर ह्याला धीरही मीच द्यायचा, हे आता होणार नाही.

"मला विचारू नकोस," मी म्हणालो. "टीम तू ठरवतोस ना? ठरव."

आईला सगळं सांगितलं. ती घाबरली. नोकरीचं काय रे, म्हणाली. मी म्हटलं, आजोबांनी देव सोडले तेव्हा त्यांच्याकडे कुठली नोकरी होती? फोन ठेवताना जय भीम म्हणाली. मीही म्हणालो. ऑफिसच्या पॅन्ट्रीत, चहा घ्यायला आलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

रविवारी मॅच आहे. मी जाणार आहे. पट्टी घरूनच दंडावर बांधून निघणार, ट्रेनमध्येही काढणार नाही. कोचने काढायला सांगितली तरी मी माझ्या हाताने सोडणार नाही. ज्यांना ती नको आहे त्यांनी पुढे यावं आणि स्वतः सोडावी. त्यासाठी काकांना मला शिवावं लागेल.