निवडुंगाची रोपं आणि हुबळीचं पाणी

ज्याच्या घरी कॅक्टस, त्याच्या घरी किस्से. जगलेल्या रोपाची गोष्ट एका ओळीत संपते, मेलेल्याची मात्र चहा गार होईपर्यंत चालते. आणि आमच्या मंडळींनी रोपं मारायचा एकही प्रकार बाकी ठेवलेला नाही! म्हणून तर इतके किस्से साठलेत.

मंडळी म्हणजे आम्ही चार-पाच जण आणि आमचे गुरू अण्णा. हुबळीच्या कोप्पीकर रोडवर त्यांचं साड्यांचं दुकान. दर रविवारी सकाळी आम्ही त्यांच्या गच्चीवर जमायचो. फी नाही, उलट उप्पीट मिळायचं.

*

पहिल्याच रविवारी मी शहाणपणा केला. "अण्णा, कॅक्टसला पाणी लागतच नाही ना?"

अण्णांनी मोहरीएवढी हिरवी रोपं पुढे केली. "तान्ह्या बाळाला भाकरी चालत नाही, म्हणून दूधही तोडणार काय?"

मग त्यांनी दाखवलं. परातीत दोन बोटं पाणी, त्यात रोपांच्या कुंड्या. माती खालून पाणी ओढून घेते. वरची माती ओलसर दिसली की कुंडी बाहेर. वरून तांब्या ओतायचा नाही, मुळं कुजतात. पुन्हा पाणी कधी? वरची माती सुकायला लागली आणि कुंडी हाताला हलकी वाटली, की मग.

आम्ही मन लावून ऐकत होतो. इतक्यात जिन्यावरून अण्णांच्या बायकोचा, काकूंचा आवाज आला, "आधी माझी परात खाली पाठवा, मग ज्ञान द्या! पीठ काय तळहातावर मळू?"

*

आमच्यातले देसाई सर विद्यानगरच्या कॉलेजात गणित शिकवायचे. त्यांनी पाण्याचं टाइमटेबल केलं. बुधवार आणि शनिवार, सकाळी सात. लाल शाईनं लिहून भिंतीवर लावलं.

जुलै आला. आठ-आठ दिवस ऊन नाही, माती सुकायचं नाव नाही, पण सरांचा बुधवार काही चुकला नाही. महिनाअखेर सगळी रोपं पाणी पाणी होऊन आडवी! सर तावातावानं आले, "अण्णा, एकही दिवस चुकलो नाही हो मी!"

अण्णा म्हणाले, "टाइमटेबल रोपांना वाचून दाखवलं होतंत काय?"

*

आता माझी पाळी. मला हसणाऱ्यांनी हसून घ्यावं.

आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. गल्लीत "नीर बंतु!", पाणी आलं, अशी आरोळी उठली की घरोघरी पळापळ. आलेलं पाणी ताजं, म्हणजे घरात साठवलेलं आपोआप शिळं! ते शिळं ओतायचं आणि ताजं भरायचं, ही आमच्या गावाची रीत.

माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, पुण्यवान बाई. शिळं पाणी गटारात घालवण्यापेक्षा त्यांनी भरलेल्या दोन घागरी माझ्या शंभर रोपांवर रिकाम्या केल्या. वर मलाच म्हणाल्या, "तहानलेल्याला पाणी दिलं. त्यात काय चुकलं गं?"

आठवड्याभरात शंभरच्या शंभर गेली. मी ढसाढसा रडले आणि आत्यांशी दोन दिवस बोलले नाही. अण्णांना कळलं तसे ते घरी आले. आत्यांच्या हातचा चहा प्याले आणि हात जोडून म्हणाले, "अक्का, पुण्यच केलंत. पण शंभर जणांना एकदम मोक्ष दिलात!"

आत्या आधी हसल्या, मग मी. घरातला अबोला त्या एका वाक्यानं मिटवला, हे अण्णांचे उपकार मी विसरणार नाही.

*

सगळ्यात शेवटी ही गोष्ट.

अण्णांचा पंचवीस वर्षांचा लाडका कॅक्टस कुजून गेला. त्याच्या शेवटच्या फळातल्या बियांची सतरा रोपं उगवली होती. तेवढाच काय तो वंश उरलेला! त्याच सुमारास अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. वाकायचं नाही, जिना चढायचा नाही. सतरा रोपांचा तो जड लाकडी ट्रे त्यांनी पाठवला कुणाकडे? माझ्याकडे!

"अण्णा, मी शंभर मारलीत!"

"म्हणून तर. शंभर मारलेला माणूस पाण्याला घाबरतो."

इतका विश्वास माझ्यावर माहेरीही कुणी टाकला नव्हता. रोज त्यांचा फोन यायचा. "पाणी घातलंस?" "नाही." "शाब्बास!" काही न केल्याबद्दल शाब्बासकी मिळायचे माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस.

एका दुपारी मी कामावरून परतले, तर नळाला अवेळी पाणी आलेलं. आत्यांनी मोटर लावली होती आणि त्या दोरीवरचे कपडे काढायला गच्चीवर गेल्या होत्या. टाकी भरून वाहत होती, आणि वरून आत्यांच्या हाका, "मोटर! अगं, मोटर बंद कर!"

गच्चीवर टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपाखालीच ट्रेचं बाकडं. मी मोटर बंद करून धापा टाकत वर गेले. ट्रे काही आत्यांना उचलवला नव्हता. पाइपाकडे पाठ करून, दोन्ही हात बाकड्याला टेकून, त्या ट्रेवर ओणव्या उभ्या होत्या. अंबाड्यापासून टाचेपर्यंत चिंब. मी वाकून पाहिलं. सतराही रोपं जागच्या जागी.

खाली फोन वाजला. पाणी आल्याचं अण्णांच्या कानावर गेलं असणार. मी निघाले, तर आत्या म्हणाल्या, "थांब, मी घेते." तशाच निथळत जिना उतरल्या आणि रिसीव्हर कानाला लावला.

"नाही हो अण्णा, रोपांना नाही. आज मलाच घातलं!"