अकरा वाजताचा टँकर

चित्रं काढणाऱ्या आणि पदं रचणाऱ्या माणसांविषयी तरुणपणी माझ्या मनात किती तुच्छता होती, हे लपवण्यात आता अर्थ नाही. उमरीला माझे एक मामा भजनं रचायचे. आजीचं औषध आणायला निघाले की वाटेत त्यांना चाल सुचायची, आणि संध्याकाळी ते चाल घेऊन परत यायचे, औषध न घेता. सगळं घर त्यांना भोळं म्हणायचं. मी त्यांना निकामी म्हणायचो. मला गणित येत होतं, अक्षर टपोरं होतं, आणि जगात एवढ्यावर भागतं अशी माझी खात्री होती.

पुढे कारकून झालो आणि नांदेडहून लातूरकडे बदली झाली. जिल्हा नवाकोरा होता. आमचं कार्यालय भाड्याच्या इमारतीत, टेबलं तीन आणि माणसं सात. छापील कागदांवरचं ‘उस्मानाबाद’ हाताने खोडून वर ‘लातूर’ लिहायचं काम नवीन आलेल्याकडे असायचं, म्हणजे माझ्याकडे. त्यातच पावसाने दगा दिला आणि टंचाईचं टेबल माझ्या गळ्यात आलं. कुठल्या गावाला कधी टँकर जाणार, किती खेपा करणार, हे मी ठरवायचं.

मी तक्ता केला. माणशी ठरलेलं पाणी, गुणिले गावाची लोकसंख्या, भागिले टँकरची टाकी. गावं अशी लावली की एकाही टँकरची रिकामी फेरी होऊ नये. डिझेल वाचलं, वेळ वाचला. आमच्या रावसाहेबांनी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्यांनी, तो तक्ता काचेखाली ठेवला. येईल त्याला ते तो दाखवत. मी शेजारी उभा राहून, आपलं त्याच्याशी काही देणंघेणं नसल्यासारखं तोंड करत असे.

त्याच सुमारास जिल्ह्याचा मोठा नकाशा रंगवायला एक चित्रकलेचे गुरुजी प्रतिनियुक्तीवर आले. रेणापूरकडचे होते, पन्नाशीला टेकलेले. सदऱ्याच्या खिशाला रंगाचे डाग, तोंडात सुपारी, आणि बोलायला लागले की विषय कुठून कुठे जाईल याचा नेम नाही. बसायला जागा नव्हती म्हणून त्यांना माझ्या टेबलाचा कोपरा मिळाला. मी मधे फायलींची भिंत रचली.

चौथ्या दिवशी पाहिलं तर नकाशात मांजरा नदी तपकिरी.

‘‘गुरुजी, नदी निळी दाखवायची असते.’’

‘‘पर ती निळी न्हाई ना, भाऊसाहेब. मी कालच पाहून आलो. नुसती वाळू हाय.’’

‘‘नकाशा म्हणजे काही तुमचं निसर्गचित्र नव्हे. ती खूण आहे खूण.’’

‘‘खोटी खूण कामाची काय?’’

सगळे हसले. मी रावसाहेबांकडून हुकूम आणला आणि नदी निळी करून घेतली. गुरुजींनी असा मचूळ निळा लावला की नदी आजारी दिसावी. त्या दिवसापासून मी त्यांना ‘कलावंत’ म्हणू लागलो, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने. तेही काही कमी नव्हते. माझा तक्ता पाहून एकदा म्हणाले, ‘‘लई सुंदर हाय. आता ह्यात कुणी तहानलं न्हाई म्हंजे झालं.’’

एका दुपारी एक बाई अर्ज घेऊन आली. पायांवर धुळीचे थर, हाताला खडी फोडून आलेले घट्टे. गावाच्या वीस-पंचवीस जणांचे अंगठे अर्जावर होते. म्हणणं एकच: टँकर येतो, पण आम्हाला पाणी मिळत नाही.

‘‘रोज येतो ना टँकर?’’ मी विचारलं.

‘‘येतो म्हनत्यात.’’

‘‘म्हणतात म्हणजे? तुम्ही पाहिला नाही?’’

‘‘न्हाई बा. आमी पाहत न्हाई.’’

मला हसू आलं. जी बाई टँकर पाहतही नाही ती पाणी मिळत नाही म्हणून तक्रार करते! मी तिला तक्ता दाखवला, तिच्या गावापुढचं ‘सकाळी अकरा’ बोटाने दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. ती थोडा वेळ माझ्या बोटाकडे पाहत राहिली आणि गेली. अर्जावर मी शेरा मारला: ‘पुरवठा निकषानुसार सुरू आहे. अर्जात तथ्य दिसत नाही. दप्तरी दाखल.’ अक्षर नेहमीसारखं टपोरं आलं होतं. आयुष्यात मी लिहिलेल्या वाक्यांपैकी सगळ्यात हलकट वाक्य ते, आणि ते लिहिताना मला काही म्हणजे काही वाटलं नाही.

नकाशा झाल्यावर गुरुजींना टँकरवर क्रमांक रंगवायला लावलं. क्रमांकाबरोबर त्यांनी कुठे कमळ काढलं, कुठे नंदी, कुठे एका ड्रायव्हरच्या लेकीचं नाव. मी तक्रार केली. कुणी दखल घेतली नाही. ड्रायव्हर मात्र त्यांच्यावर खूश. ते त्यांना केबिनमध्ये बसवून गावोगाव नेऊ लागले. गुरुजी दिवसभर हिंडून धुळीने माखून परत यायचे आणि माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर चित्रवही आपटायचे. सरकारी पगारात हे फिरणं चाललंय, याने माझा जळफळाट व्हायचा.

एकदा ते चहाला गेले असताना मी ती वही उघडली. त्यांची चूक सापडावी एवढाच हेतू होता. पानापानावर विहिरी, टँकर, पाणी शेंदणारी माणसं. प्रत्येक पानाखाली गावाचं नाव आणि वेळ. तेवढी एक शिस्त त्यांच्यात होती, हे मला मान्य करावं लागलं. चित्रं कशी आहेत ते मला कळत नव्हतं, आजही कळत नाही. मला मोजता येतं, म्हणून मी मोजू लागलो.

एका गावाची पाच चित्रं होती, पाचही अकराच्या सुमाराची. विहिरीभोवती म्हाताऱ्या, म्हातारे, परकरातल्या पोरी. एका बाजूला दोन धडधाकट गडी मोठाली पिंपं भरताना. धडधाकट बाई पाच चित्रांत मिळून एकही नाही.

गुरुजी आले. वही माझ्या हातात पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

‘‘तुम्ही मुद्दाम म्हातारीच माणसं काढता का हो?’’ मी विचारलं. ‘‘हातावरच्या सुरकुत्या वगैरे?’’

‘‘मुद्दाम काहून? जे व्हते तेच काढले.’’

‘‘मग बाया कुठे आहेत?’’

त्यांनी वही ओढून घेतली. पानं उलटली, परत उलटली. ‘‘आता बगा,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘मी पाच दिवस तिथं बसून राहिलो अन् माझ्या ध्यानात आलं न्हाई.’’

इतकं पाहणाऱ्या माणसाला ते दिसलं नव्हतं. आणि मला ते दिसलं होतं ते खुर्चीत बसून, त्यांच्या डोळ्यांनी. मी रोजगार हमीच्या कामाचं मस्टर, म्हणजे हजेरीपट, मागवलं. त्या गावच्या बाया सूर्य वर यायच्या आत पाझर तलावाच्या कामावर जात होत्या आणि संध्याकाळी परतत होत्या. टँकर अकराला विहिरीत पाणी ओतायचा. ज्यांच्या घरी गडीमाणसं होती ते पिंपं भरून घ्यायचे. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या हाताला येईल तेवढं त्या न्यायच्या. दिवसभर खडी फोडून आलेल्या बाईच्या वाट्याला तळाचा गाळ. अर्जवाल्या बाईचं गावही हेच; तिने टँकर पाहिला नव्हता तो याचसाठी. मी उठून कपाटातून तो अर्ज काढला. गुरुजींनी माझा शेरा वाचला.

‘‘अक्षर लई चांगलं हाय तुमचं,’’ ते म्हणाले.

असा अपमान माझा आधी कुणी केला नव्हता, नंतरही नाही.

मग आम्ही दोघं बसलो. पण बसलो म्हणजे लगेच गोडीगुलाबी झाली असं कुणी समजू नये. गुरुजींचा उपाय होता: टँकर सरळ कामावरच न्यायचा. ‘‘बाया तिथंच घागरी भरतील, गाणी म्हणत घरी जातील.’’

‘‘दगड फोडून आलेली बाई भरली घागर डोक्यावर घेऊन तीन मैल चालेल, आणि वर गाणं म्हणेल? आणि कामावर चार गावच्या बाया आहेत. कोणत्या गावचं पाणी कोणाला?’’

‘‘मग तुमी सांगा!’’

मी सांगितलं. ज्या गावांत काम सुरू नाही ती दुपारी घ्यायची. जिथल्या बाया कामावर जातात तिथे टँकर त्या निघायच्या आत पोहोचवायचा. डिझेल थोडं जास्त लागेल, माझी एकही-रिकामी-फेरी-नाही ही फुशारकी मोडेल, पण जमेल. दोन दिवस मी वेळा जुळवत होतो. गुरुजी मधेच म्हणायचे, ह्या गावचा रस्ता ओढ्यातून हाय, त्या गावची विहीर टेकाडावर हाय, तिथं बाईला दुप्पट वेळ लागतो. माझ्या तक्त्यात विहिरीला चढ नव्हता. मी तो घातला.

ड्रायव्हरांनी साफ नकार दिला. पहाटे चारला टाकी भरायला कोण येणार? मी त्यांना नियम वाचून दाखवला. त्यातला एक माझ्या तोंडावर म्हणाला, ‘‘नियम पिऊन गाडी चालते का, साहेब?’’ शेवटी गुरुजी त्यांच्यात जाऊन बसले. वही उघडून त्यांनी कोणती पानं दाखवली आणि काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. अर्ध्या तासाने येऊन म्हणाले, ‘‘यायला तयार हायेत. पर एक अट हाय. पयल्या दिवशी तुमी संगं पाहिजे.’’

टंचाईच्या टेबलावर बसून मला सहा महिने झाले होते आणि मी एकही टँकर रिकामा होताना पाहिला नव्हता. त्या पहाटे पाहिला. पाणी विहिरीत पडताना असा आवाज होतो हे मला माहीत नव्हतं. बाया आल्या, भराभर शेंदू लागल्या. ती अर्जवालीही होती. तिने मला ओळखलं. मला वाटलं, शिवी देईल. तिने दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, ‘‘वढा.’’ मी ओढलं. चौथ्या बादलीला माझे तळहात सोलले.

सगळीकडे सगळं साधलं नाही. एका गावात पिंपवाले गडी पहाटेच येऊन बसू लागले, तिथे आम्हाला शेवटपर्यंत काही करता आलं नाही. बाकी गावांचे अर्ज मात्र थांबले. मग मोठी बैठक झाली. तीत रावसाहेबांनी ‘सखोल अभ्यासांती’ वेळापत्रक बदलल्याचं सांगितलं. सखोल अभ्यास! पाझर तलाव कोणत्या दिशेला आहे हेही या गृहस्थांना मला विचारून सांगावं लागलं होतं. पुरावा म्हणून त्यांनी चित्रवही मागून घेतली, वाहवा मिळवली, आणि ती दप्तरात जमा करून टाकली.

गुरुजींची मुदत संपली तेव्हा त्यांनी वही मागितली. ती परत मिळवायला मला तीन टिपण्या लिहाव्या लागल्या. मिळाली तेव्हा सगळ्या पानांतून आरपार दोन भोकं पाडून फायलीची दोरी ओवलेली होती. एका म्हातारीच्या नेमक्या डोळ्यातून दोरी गेली होती. आमच्या खात्याला कलेचं काय करावं हे विचारलं तर ते हेच करतं: भोक पाडतं. मला मान वर करवेना. गुरुजींनी दोरी सोडवली, भोकावरून अंगठा फिरवला, आणि मला म्हणाले, ‘‘तुमी न्हाई पाडलं. मला ठाव हाय.’’ पण सहा महिन्यांपूर्वी मीच पाडलं असतं, आणि अगदी सरळ रेषेत पाडलं असतं.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. माझी बदली किनवटकडे ठरली. जाण्याआधी मी त्यांच्या शाळेत गेलो. ते शाळेच्या लांबलचक भिंतीवर चित्र काढत होते आणि कातावले होते. तिसऱ्यांदा पुसत होते.

‘‘डोक्यापासून सुरू करतो,’’ ते म्हणाले, ‘‘अन् दर बारीला पायाला भिंत पुरत न्हाई.’’

मला मनापासून हसू आलं. मी भिंत मोजली, त्यांचं छोटं चित्र मोजलं, सुतळी गेरूत बुडवून चौकोन पाडून दिले. ‘‘या चौकोनात जे आहे ते त्या चौकोनात. बास.’’

‘‘ही तर जेल झाली, भाऊसाहेब.’’

‘‘जेलच आहे. काढा.’’

दिवसभर ते कुरकुरत होते आणि मी सुतळी धरून उभा होतो. संध्याकाळी चित्र पुरं झालं. बैलजोडी, मागे बाई, वर जांभळं आभाळ. आभाळ जांभळं का, असं मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर ते चित्र मला मुळीच आवडलं नाही. पाय मात्र सगळ्यांचे जमिनीवर होते.