आप्पा, रेषा आणि दसऱ्याची वही

त्या गुरुवारी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. प्रकाशाचा प्रयोग होता. त्यासाठी खोलीत अंधार करतात आणि मोबाइल बाहेर बॅगेत ठेवायला लावतात. तासाभराने बाहेर आले तर शेजारच्या कल्पनाकाकूंचे नऊ मिस्ड कॉल होते. मी फोन लावला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "सरळ पिंपरीला दवाखान्यात ये, घरी जाऊ नको." आकुर्डीहून बसने फार वेळ लागत नाही, पण त्या दिवशी प्रत्येक सिग्नल लागला. डायलिसिसच्या वॉर्डाबाहेर आई जमिनीवर बसली होती आणि तिच्या मांडीवर आप्पांच्या चपलांची पिशवी होती. मला बघून तिने ती पिशवी पुढे केली. मी पिशवी घेतली आणि मला कळलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. चाकणच्या एका कंपनीत त्यांनी पंचवीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला काम केलं. त्यांना जाऊन आता दहा आठवडे झाले. लिहायला बसले की प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी अडकते, म्हणून तेच आधी सांगून टाकते. गेल्या वर्षी दसऱ्याला मी त्यांना एक खोटं सांगितलं होतं. ते खोटं होतं हे त्यांना सांगण्यासाठी मी चांगला दिवस शोधत होते. आठवड्यातले तीन दिवस डायलिसिसचे, तीन दिवस थकव्याचे, उरलेल्या एका दिवशी ते हसत असायचे आणि मला धीर होत नसे. चांगला दिवस शोधता शोधता तो गुरुवार आला.

ते खोटं एका तलवारीबद्दल होतं. आमचं गाव खेड तालुक्यातलं. माझे पणजोबा पलटणीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढले. तिथे शरण आलेल्या एका जपानी अधिकाऱ्याची तलवार त्यांना मिळाली, ती घेऊन ते गावी आले. तेव्हापासून दर दसऱ्याला आमच्याकडे विळे, कोयते आणि पणजोबांच्या पदकांबरोबर त्या तलवारीचीही पूजा व्हायची. पात्यावर हळद-कुंकवाची पाच बोटं उमटायची. ती किती जुनी आहे, तिच्यात काय आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. गाव सोडून आम्ही मोशीला दोन खोल्यांत राहायला आलो, तेव्हा ती आमच्याबरोबर आली आणि लोखंडी कपाटावर गोधडीत गुंडाळून राहिली.

मी पाचवीत असताना आप्पांच्या कंपनीत ओकादासाहेब नावाचे जपानी इंजिनिअर आले. आप्पांवर त्यांचा फार विश्वास. आप्पांनी त्यांना दसऱ्याला जेवायला बोलावलं आणि त्यांना तलवार दाखवायचं ठरवलं. पण ती काळपट पडली होती, कुठे गंजाचे ठिपके होते. पाहुण्यांसमोर अशी कशी ठेवायची? दसऱ्याच्या आदल्या दिवशी आप्पा ती घेऊन भोसरीला दिलीपकाकांच्या बफिंगच्या कारखान्यात गेले. तिथे मोटारीवर फिरणाऱ्या कापडी चाकाला मसाला लावून धातू चकचकीत करतात. दोघांनी मिळून दोन तास पातं घासलं. घरी आणलं तेव्हा त्यात तोंड दिसत होतं. आम्ही पोरं त्यात बघून दात विचकत होतो. आप्पा इतके खूश होते की त्यांनी सगळ्या चाळीला बोलावून ती दाखवली.

दुसऱ्या दिवशी ओकादासाहेब आले. त्यांनी आधी तलवारीला वाकून नमस्कार केला. पात्याला श्वास लागू नये म्हणून तोंडासमोर रुमाल धरला आणि पातं ट्यूबकडे तिरकं करून बघू लागले. बघतच राहिले. मग हळूच म्यान केलं, पुन्हा वाकले. त्यांच्यासोबतचा दुभाषा म्हणाला, "साहेब म्हणतात, तुमच्या घराण्याने खूप प्रेमाने जपली आहे." जेवण झालं, श्रीखंड दोनदा घेतलं. पण आप्पांनी आयुष्यभर माल पास-नापास केलेला. समोरच्याचा चेहरा त्यांना वाचता यायचा. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्यांनी दुभाष्याला गाठलं आणि खरं काय ते काढून घेतलं.

या तलवारी घडवताना फक्त धारेला पाणी देतात, म्हणजे पातं तापवून पाण्यात बुडवून धार कडक करतात आणि पाठ मऊ ठेवतात. दोन्हींच्या मधे पात्याच्या लांबीभर एक रेषा उमटते, काचेवर धरलेल्या वाफेसारखी. ती प्रत्येक तलवारीची वेगळी असते. घडवणाऱ्याची ओळख तीच. आमच्या पात्यावर ती कुठेच दिसत नव्हती. बफिंगने वरचं सगळं लिंपून एकसारखं केलं होतं. चाकावर पातं जास्त तापलं असेल तर धारेचं पाणीच उतरलं असेल आणि मग ती रेषा कायमची गेली असेल. तापलं नसेल तर आत ती शिल्लक आहे. तिकडच्या कारागिरांकडे पाठवणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. ओकादासाहेबांनी एवढंच सुचवलं की वरची चकाकी वर्षांनुवर्षं हळूहळू उतरते, तेव्हा कदाचित दिसेल. धीर धरा आणि फोटो काढत राहा.

आप्पांनी दिलीपकाकांना कधी दोष दिला नाही. "त्यानं मला विचारलं व्हतं, राव, जुनं हाय, घासू का? मीच म्हनलं घास."

त्यानंतर आमच्या पुढच्या खोलीचा रविवारपुरता स्टुडिओ झाला. कंपनीच्या पॅकिंगमधलं थर्माकोल, दोन ट्यूबवर चिकटवलेला बटर पेपर, माझ्या शाळेच्या नाटकातला काळा झगा उसवून केलेलं कापड. टीव्हीवर चादर टाकायची, कारण पात्यात तो दिसायचा. पलंगावर आडवा अँगल बांधून त्याला जुना कॅमेरा उलटा लटकवलेला. पातं लाकडाच्या दोन ठोकळ्यांवर ठेवायचं. धूळ उडू नये आणि काही हलू नये म्हणून पंखा बंद, तोंडाला रुमाल. वाफ नको म्हणून कुकर लावायला बंदी. आई खोलीच्या दारात पंख्याच्या बटणापाशी बसून असायची आणि बसल्या बसल्या ऐकवायची, "तलवारीला भूक न्हाई लागत, मान्सांना लागती." आप्पा रुमालातून म्हणायचे, "दोन मिनिटं." ती दोन मिनिटं कधीच दोन नसायची. शेवटी ते म्हणायचे, "लावा फॅन," आणि सगळं घर श्वास सोडायचं.

आमच्या पात्यावर काही दिसेना. मग आप्पांच्या मनात आलं की अशा तलवारी आणखी फौजी घरांत असतील आणि तिथेही कोणीतरी आपल्यासारखा पातं घासायला निघालेला शहाणा असेल. सुट्टीच्या दिवशी ते मावळात, खेडमध्ये चौकशी करत फिरू लागले. पहिली तलवार सापडली ती एका आजीकडे, धान्याच्या कणगीमागे. आजी आमच्या घरी स्वतः ती घेऊन आल्या. कारण त्याआधी ती पाइपात घालून मोटारसायकलवर आणताना आप्पांना नाक्यावर हवालदाराने अडवलं होतं. "पाइपात काय हाय?" "तलवार." "कुठं निघालाय?" "फोटो काढायला." हवालदार म्हणे इतका हसला की पाणी मागितलं आणि मग दीड तास बसवून ठेवून परत पाठवलं.

आजींचं पातं गंजलेलं होतं. पण आप्पांनी काळ्या कापडावर ते ठेवलं, ट्यूब दोन बोटं खाली घेतली आणि त्यांचा हात थांबला. धारेच्या कडेने डोंगरांच्या ओळीसारखी एक धूसर, पांढरी रेषा गेली होती. ट्यूब जरा सरकवली की ती नाहीशी व्हायची, परत आणली की परत यायची. आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा ती रेषा बघितली आणि ती दुसऱ्याच्या तलवारीवर. त्यांनी सतरा फोटो काढले. मग रुमाल तोंडावरून काढून डोळ्यांना लावला.

आजी म्हणाल्या, "तुमच्याकडं बी हाय म्हनं एक?"

"हाय. पन मी घासून तिची पार वाट लावली, आजी."

त्यांनी कपाटावरच्या गोधडीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "पावन्यासाठी घासली ना? मग ऱ्हाऊ द्या."

आप्पांनी त्यांच्या तलवारीला लवंगेचं तेल मिसळलेलं पातळ तेल लावून दिलं, फोटो मोठा करून फ्रेम करून दिला आणि बजावलं, "आता दसऱ्याला हळद-कुंकू फोटोला लावा, पात्याला न्हाई." तोच नियम त्यांनी पुढे प्रत्येक घरी घालून दिला. आठ वर्षांत अकरा तलवारी आमच्या खोलीत येऊन गेल्या. सगळ्यांवर रेषा होती. ओकादासाहेब तोवर जपानला परत गेले होते, ते तिथून फोटो बघून कळवायचे, ही तीनशे वर्षांची असावी, ही त्याहून जुनी. आमच्या घराला कायम लवंगेचा वास यायचा. वर्गातल्या मैत्रिणी विचारायच्या, तुझा दात दुखतोय का?

आणि दर दसऱ्याला, सगळं आवरल्यावर, आमची तलवार. त्यासाठी आप्पांनी एक वही केली होती, कंपनीतल्या रजिस्टरसारखी रकाने आखलेली. वर्ष, उजेड कुठून, रेषा, तपासणारा. रेषेच्या रकान्यात दर वर्षी त्यांच्या टपोऱ्या अक्षरात "दिसत नाही" आणि पुढे सही. मी एकदा म्हटलं, "आप्पा, थोडी दिसल्यासारखी वाटते की." ते म्हणाले, "वाटतं ते लिवायचं नसतं, स्वाते. दिसतं ते लिवायचं." दुसरा नियम खाडाखोडीचा. चुकीची नोंद पांढऱ्या शाईने पुसायची नाही, कागद फाडायचा नाही. त्यावर एक आडवी रेघ मारायची, शेजारी खरं लिहायचं आणि सही करायची. म्हणजे चूकही दिसते आणि ती कोणी कबूल केली तेही दिसतं.

मग साखरेने त्यांचे डोळे घेतले. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरलंय. इन्स्पेक्शनच्या माणसाला कंपनीत स्टोअरला बसवलं, मग घरी बसवलं. पाठोपाठ किडनी. गेल्या दसऱ्याला फोटो मी काढला. आप्पा खुर्चीत बसून सांगत होते, "टूब डावीकडं... आजून दोन बोटं... आता तिरकी कर." त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळत होता. मी फोटो मोठा करून बघितला. काही नव्हतं. स्टीलच्या ताटासारखं कोरं पातं.

"दिसती का?"

मी त्यांच्याकडे बघितलं. डायलिसिसने काळानिळा झालेला हात त्यांनी मांडीवर ठेवला होता. तोंडाला रुमाल तसाच होता, दिसत नसतानाही बांधलेला.

"थोडी दिसतेय, आप्पा."

"कुठं?"

"टोकाकडे."

"किती?"

"चार बोटं."

त्यांनी तळहात पुढे केला. "दाव." मी त्यांच्या तळहातावर बोटाने एक नागमोडी रेषा काढली, आजींच्या तलवारीवर होती तशी. त्यांनी मूठ मिटली. बराच वेळ मिटलेली ठेवली. मग म्हणाले, "मंजे जळली न्हवती." त्या दिवशी ते पोटभर जेवले. आई मला आत येऊन म्हणाली, "काय गं, किती दिसांनी दुसरी भाकर मागितली." मी तिलाही काही सांगितलं नाही.

परवा दसरा झाला. घरात वर्ष सरलेलं नाही, म्हणून सण नाही. मी अभ्यासाला बसत होते तर आई म्हणाली, "पूजा न्हाई करायची औंदा. फोटो काढायला काय हरकत हाय?" तिने स्वतः टीव्हीवर चादर टाकली. मी कपाटावरून गोधडी उतरवली, ठोकळे मांडले, पंखा बंद केला, आप्पांचा रुमाल बांधला. रुमालाला अजून लवंगेचा वास आहे. ट्यूब डावीकडून, उजवीकडून, वरून, दोन बोटं, चार बोटं... सगळे कोन करून बघितले. मी विज्ञान शिकते, मला आता परावर्तन म्हणजे काय ते सूत्रासकट येतं. काही दिसलं नाही.

मग वही काढली. गेल्या वर्षीची नोंद मी करायची टाळली होती आणि आप्पांना दिसत नसल्याने ती राहूनच गेली असेल असं मी धरून चालले होते. मी पेन घेऊन पान उघडलं. नोंद होती. अक्षरं एकमेकांवर चढलेली, रकाना सोडून खाली घसरलेली. कधी लिहिलं, कोणाला माहीत. बहुतेक मी कॉलेजला असताना, चाचपडत. रेषेच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, "स्वाती म्हणते, आहे." आणि तपासणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव.

त्यांचा नियम मला पाठ होता. चुकीच्या नोंदीवर रेघ, शेजारी खरं, खाली सही. त्यांना तोंडाने सांगता आलं नाही ते निदान कागदावर कबूल करावं, म्हणून मी पट्टी ठेवली, पेन टेकवलं... आणि मारता येईना. कारण त्या ओळीत चुकीचं काहीच नव्हतं. रेषा आहे असं त्यांनी लिहिलं नव्हतं. त्यांनी बघितलं नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. मी म्हटलं होतं, तेवढंच लिहिलं. त्यांना कळलं होतं का? विश्वास ठेवला होता, की फक्त माझा शब्द जपून ठेवला होता? हे आता मला कोणी सांगणार नाही. ती नोंद मी तशीच राहू दिली. खालच्या ओळीत यंदाचं वर्ष लिहिलं, उजेड डावीकडून, रेषा दिसत नाही, आणि सही केली.

"दिसली का गं?" आईने दारातून विचारलं.

"न्हाई, आई."

तिने मान हलवली. ती पंख्याच्या बटणापाशीच बसली होती, नेहमीसारखा हात वर करून, बटणाला बोट लावून. मी वही मिटली, पात्याला तेल लावलं, म्यान केलं. काम संपलं होतं. खोलीत उकाडा खूप होता. तरी तिचं बोट तिथेच होतं आणि मीही गप्प होते... "लावा फॅन" म्हणायचं काम आमच्या दोघींचं कधीच नव्हतं.