आयतवारची गोळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असतात तर एव्हाना मी विषय बदलला असता — त्यात मी पटाईत आहे.

मी फार्मसिस्ट. बाबांचं मालवणात शिवणकाम, त्यामुळे बी.फार्म.ची फी म्हणजे बँकेचं कर्ज हे ठरलेलंच होतं. बँकेने तारण मागितलं. तेव्हा माझी आते — बाबांची थोरली बहीण, मसुऱ्याला एकटी राहते — काजूच्या बागेची कागदपत्रं पिशवीत घालून पहिल्या एसटीने आली. साहेबांनी विचारलं, "हप्ते थकले तर काय होईल, कल्पना आहे ना?" आते म्हणाली, "थकाचे नाय. आमचा चेडू हुशार आसा."

हुशार! चार वर्षांत व्याज केवढं फुगतं, हे त्या हुशार चेडवाला, म्हणजे मला, कळलं नव्हतं. गोव्यात औषधांच्या कंपनीत नोकरी लागली, पण खोलीचं भाडं नि जेवण भागवून हप्ता काही निघेना. आणि हप्ता थकला की पहिली नोटीस जाणार ती मसुऱ्याला. आतेला सांगता आलं असतं, नाही? "आते, जमत नाहीय," एवढंच. बाबांनाही सांगता आलं असतं. नाही सांगितलं. हुशार होते ना मी.

आमच्यात एक शब्द आहे — "सर्टिफिकेट लावणे". वर्गातल्या मैत्रिणी सहज विचारतात, "तुझं कुठे लावलंयस?" कायद्याने औषधाच्या दुकानात फार्मसिस्ट हजर लागतो. प्रत्यक्षात भिंतीवर त्याचा फोटो नि सर्टिफिकेट हजर असतं, आणि गोळ्या देतो दुकानदार. फार्मसिस्टला महिन्याचे पैसे पोचतात. तपासणीचा वास लागला की फोन येतो, मग धावत जाऊन पांढरा कोट घालून उभं राहायचं. मी माझं लावलं मसुऱ्याजवळच्या बाजारातल्या एका दुकानात. हप्ता निघू लागला.

आतेने तो फोटो बघितला आणि तिला आभाळच ठेंगणं झालं. मला म्हणाली, "गो, तू थंय खंय?" मी म्हटलं, दर शनिवारी येऊन औषधांवर नजर ठेवते. अशी सहज थाप मारली! तेव्हापासून आते घराजवळचं दुकान सोडून तिकडे जायला लागली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमच्या चेडवाचा दुकान आसा." मी चिडायचे. चिडायला काय झालं होतं मला?

मग तिचे सांधे धरले. डॉक्टरांनी जी गोळी दिली ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. एकदाच — रोज घेतली तर ती माणसाचं रक्त खाते. हे आम्हाला कॉलेजात इतक्यांदा घोकून घेतलंय, की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. दुकानदाराला ते कोण घोकवणार? त्याने चिठ्ठीवरचं इंग्रजी बघितलं न बघितलं आणि नेहमीच्या हाताने पाकिटावर लिहिलं — रोज १.

आते चौथी शिकलेली. "रोज" तिला नीट वाचता येतं. तिने रोज घेतली. तोंड आलं, तिला वाटलं तिखटाने असेल, म्हणून तिखट सोडलं. मग पेजही गिळेना. शेजारणीने बाबांना कळवलं तेव्हा ती अंथरुणातून उठत नव्हती. तिला गोव्याच्या मोठ्या इस्पितळात आणलं. डॉक्टरांनी सोबत आणलेल्या पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या आणि विचारलं, "हे कुणी सांगितलं रोज घ्यायला?"

तिचे कपडे आणायला मलाच मसुऱ्याला पाठवलं. पाकीट बिस्किटाच्या डब्यात होतं. मी ते हातात धरून न्हाणीच्या चुलीपुढे किती वेळ बसले कुणास ठाऊक. ते दाखवलं असतं तर दुकान बंद, माझं रजिस्ट्रेशन गेलं, नोकरी गेली, आतेची बाग गेली. बाग हं — मी तेव्हा स्वतःला बागच सांगत होते. पाकीट जाळलं.

पण मला जे सांगायचंय ते हेही नाही.

परत आले तर आते शुद्धीवर, भोवती बाबा, आई, दोन चुलत्या. पुटपुटत होती, "पाकिटार रोज म्हणान लिवलेला..." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी फार्मसिस्ट ना! आणि मी — शिरा पडो त्या जिभेवर — मोठ्या आवाजात म्हटलं, "खोटा बोला नको आते. पाकीट मी बगलंय. आठवड्याक येक असा लिवलेला. वाचूक येणा नाय तर विचारूचा तरी!"

ती माझ्याकडे बघत राहिली. वाद घालेल असं वाटलं होतं. घातला असता तर कदाचित — जाऊ दे. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "तू बगलंस म्हणजे तसाच असतला. माझाच चुकला गो."

ती वाचली. घरी आल्यावर बाबांनी देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. मानकऱ्यांनी नारळ हातात घेतला. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान अजाणतेपणी औषध उलटासुलटा घेतल्यान, काय चूकभूल झाली आसात ती पोटात घाल रे म्हाराजा..." आते हात जोडून, मान खाली घालून उभी. गाऱ्हाण्याला सगळ्यांनी एका सुरात होकार द्यायचा असतो. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

मीही म्हटलं. सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हटलं.

सर्टिफिकेट काढलं असेल, असं तुम्हाला वाटत असेल. नाही काढलं. कर्ज फिटेपर्यंत, आणखी दोन वर्षं, ते त्याच भिंतीवर होतं. बागेचे कागद सुटले तेव्हा आतेने माझ्या हातावर साखर ठेवली.

डॉक्टरांनी ती गोळी काही महिन्यांनी पुन्हा चालू केली, आठवड्यातून एकदा, रविवारी. बागेतल्या प्रत्येक झाडाचा काजू तोंडपाठ असलेली ही बाई. व्यापाऱ्याला मापात फसू न देणारी. समोर भिंतीवर कॅलेंडर आहे तिच्या. तरी दर रविवारी सकाळी मला फोन करते. "आज आयतवारच मां गो? घेव मां गोळी? माका माझो भरवसो नाय."

आजही आला होता फोन. मी म्हटलं, "व्हय आते, आयतवार. घे."