आक्काचं हाड

तीन वर्षं मला स्वतःची वेणी घालता येत नव्हती. उजवा हात खांद्याच्या वर जाईचना. आबिड्सच्या पोस्टात जन्मभर शिक्के मारून निवृत्त झाले, आणि अंबरपेठच्या घरात सून कंगवा घेऊन माझ्यामागे उभी राहू लागली. पोरगी गुणाची, पण मला मेला राग यायचाच. केसांसाठी कुणापुढे मान घालून बसायचं म्हणजे काय!

डॉक्टर म्हणाले, सांधा बदलू. पण खांद्याची वाटी इतकी झिजलीय की नवा सांधा धरायला हाडच उरलेलं नाही. आधी तिथं हाड भरावं लागेल. हे मी फोनवर आक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला सांगितलं. झालं! दुसऱ्या दिवशी ती परभणीहून पिशवी घेऊन हजर. किडनी देतात तसं हाडही नात्यातलंच लागतं, असा तिनं समज करून घेतलेला. थेट डॉक्टरांपुढे जाऊन बसली.

"मेरी हड्डी लेव साब. मैंच पाली इसको."

डॉक्टर हसले नाहीत. "अम्मा, इनकीच हड्डी लगाते," म्हणाले. खांद्याचा जुना गोळा कापून काढायचाच असतो. त्याचीच चकती करून ते वाटीत बसवणार होते. आई जुन्या लुगड्याचं ठिगळ वाकळीला लावायची, तसं. आक्काचं तोंड एवढंसं झालं.

भुलीत सगळं पांढरं, मऊ होत गेलं. आई गेली त्या वर्षीचं अंगण दिसलं. आक्का बारा वर्षांची, मी सात. ती माझी वेणी घालायची, मग मी तिची. तिचे केस संपतच नव्हते. विंचरत विंचरत मी चालले होते, अंगणातून शेतात, शेतातून बेगम बाजारात, मिरच्यांच्या ढिगांमधून, आणि हात जराही दुखत नव्हता. जाग आली तेव्हा हात बधिर होता, माझा नसल्यासारखा. पायाशी आक्का बसलेली.

सहा आठवडे हात झोळीत. आक्का परत गेलीच नाही. माझी वेणी तीच घालायची. कुरकुर केली की डोक्यात कंगव्याची टपली. मग व्यायाम सुरू झाले, बोटं भिंतीवरून रोज थोडी वर चढू लागली.

चौथ्या महिन्यात एका सकाळी हात डोक्यापर्यंत पोचला. कंगवा घेतला आणि म्हटलं, "आक्के, बस पुढं."

तिचे केस आता मूठभर, पांढरे. वेणी वाकडी झाली. आक्कानं हात मागं नेऊन ती चाचपून पाहिली.

मग पाठमोरीच म्हणाली, "बरं झालं माझं हाड नाही घेतलं. नाहीतर माझी वेणी मीच घातल्यासारखं झालं असतं."